चित्र मूळ जागी ठेवून पाहताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीने मला अर्धा तास दिला आणि विषयही ठरवून दिला. ‘तू विद्यापीठात जाऊन नेमकं काय शिकलीस, ते एकदा सगळ्यांना समजेल असं सांग.’ आपल्या १९९० च्या दहावीच्या तुकडीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, दोघांच्या द्राक्षबागा आहेत. त्यांना आपलं काम कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी मात्र ‘पाश्चात्त्य कलेचा इतिहास’ म्हटलं की तीन प्रश्न येतात, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. पहिला, ‘म्हणजे तू चित्रं काढतेस का?’ दुसरा, ‘मग त्याचा उपयोग काय?’ तिसरा जरा आवाज खाली आणून विचारला जातो, ‘आपल्याकडे अजिंठा-वेरूळ असताना त्यांचं कशाला?’

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्याच क्रमाने उत्तरं देते.

पहिल्याचं उत्तर सोपं. मी चित्रं काढत नाही. इंटरमीजिएटच्या परीक्षेला माझी श्रेणी काय आली होती, ते आपल्या चित्रकलेच्या सरांना माहीत आहे आणि ते इथे समोरच बसले आहेत, म्हणून तो विषय वाढवत नाही. कलेचा इतिहास हा हाताने करायचा विषय नाही. एखादं चित्र, मूर्ती किंवा इमारत हा पुरावा मानायचा आणि ती वस्तू कुणी केली, कुणी करवून घेतली, कुठे होती, कशासाठी होती, तिच्यात पुढे काय बदललं, हे शोधायचं. इतिहासकार कागद वाचतो. आम्ही कागदही वाचतो आणि वस्तूही वाचतो.

हा विषय आपण समजतो तितका जुना नाही. इटलीत जॉर्जो वाझारी नावाच्या चित्रकाराने १५५० साली चित्रकार, मूर्तिकार आणि वास्तुकार यांची चरित्रं छापली. पुढे १७६४ साली विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने प्राचीन कलेचा इतिहास लिहिला. त्यात व्यक्तींच्या चरित्रांऐवजी शैली कशी बदलत गेली याचा विचार होता. विद्यापीठात या विषयाला स्वतंत्र जागा मिळाली ती आधी जर्मन भाषक देशांत. इंग्लंडात लंडनची कोर्टोल्ड इन्स्टिट्यूट निघाली १९३२ साली. दुसऱ्याच वर्षी, नाझी सत्तेवर आल्यावर, हॅम्बर्गमधलं वारबुर्ग यांचं ग्रंथालय बोटींवर चढवून लंडनला हलवण्यात आलं. सुमारे ६०,००० पुस्तकं होती. त्यांच्यासोबत आणि त्यांच्या मागून विद्वानही आले, बरेचसे ज्यू, घरदार सोडून आलेले. इंग्लंडात हा विषय पक्का रुजला तो या निर्वासितांमुळे. मी २००० साली लंडनला शिकायला गेले, तेव्हा आमच्या वाचनयादीतली निम्मी नावं त्यांची होती.

आता वर्ग कसा असायचा ते सांगते. खोलीत अंधार. समोर दोन पडदे, मागे दोन प्रोजेक्टर. डावीकडे एक चित्र, उजवीकडे दुसरं. बाई विचारायच्या, ‘काय फरक दिसतो?’ दोन चित्रं शेजारी ठेवून शिकवण्याच्या या पद्धतीचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता म्हणजे स्वित्झर्लंडचा हाइनरिख व्योल्फ्लिन. त्याचं या पद्धतीवरचं मुख्य पुस्तक १९१५ सालचं आहे. एकटं चित्र पाहिलं की आपण ‘छान आहे’ म्हणून गप्प बसतो. दोन ठेवली की तोंड उघडावंच लागतं. इथे रेषा स्पष्ट आहे, तिथे कडा सावलीत विरघळली आहे. इथे माणसं एका ओळीत उभी आहेत, तिथे मागे मागे जात आहेत.

पहिल्या सत्रातला एक गृहपाठ मला फार उपयोगी पडला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जायचं, तिथे प्रवेश फुकट असतो, एक चित्र निवडायचं, त्याच्यासमोर तासभर थांबायचं आणि फक्त दिसतं ते लिहायचं. ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘भावपूर्ण’ हे शब्द चालणार नव्हते. पहिल्या दहा मिनिटांत सगळं लिहून संपतं. मग कंटाळा येतो. तो ओलांडला की खरं दिसायला लागतं. उजेड कुठल्या बाजूने येतो, सावली कुठे पडते, कुणाची नजर कुणाकडे आहे, कुठला हात शरीराच्या मानाने मोठा आहे.

एलिमेंटरीच्या वस्तुचित्राला सर आपल्यासमोर तांब्या, कापड आणि दोन संत्री मांडायचे आणि म्हणायचे, ‘तांब्या कसा असतो ते काढू नका. हा समोरचा तांब्या कसा दिसतो ते काढा.’ लंडनचा गृहपाठ तोच होता, फक्त पेन्सिलीऐवजी शब्दांनी करायचा. सर, तुमचं ते वाक्य मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे उपयोगाकडे, जाण्याआधी एका चित्राची गोष्ट सांगते. पूर्ण सांगते, कारण या विषयात काय शिकवतात ते तिच्यात सगळं आलं आहे.

नॅशनल गॅलरीत मसाच्चो या चित्रकाराची एक लाकडी फळी आहे, साधारण साडेचार फूट उंच. सोन्याच्या वर्खाच्या पार्श्वभूमीवर मरीया सिंहासनावर बसली आहे, मांडीवर बाळ येशू. बाळ द्राक्षं खातंय. आपल्या बागायतदार मित्रांना सांगते, ही द्राक्षं साधी नाहीत. चर्चमध्ये प्रभुभोजनाला द्राक्षारस देतात, तो ख्रिस्ताच्या रक्ताची खूण मानतात. म्हणजे हे लहान मूल खेळता खेळता आपलं पुढचं मरण तोंडात घालतंय. पायाशी दोन लहान देवदूत वीणेसारखं ल्यूट नावाचं वाद्य वाजवत आहेत. उजेड डावीकडून येतो आणि मरीयेची सावली सिंहासनावर पडते. बाळाच्या डोक्यामागचं प्रभामंडल पूर्ण गोल नाही, तिरकी धरलेली थाळी दिसावी तसं लंबगोल आहे. मागची पार्श्वभूमी जुन्या पद्धतीची, सोन्याची. माणसं मात्र खरी, वजन असलेली, जागा व्यापणारी. मसाच्चोने हे काढलं तेव्हा तो पंचविशीत होता. आणखी दोन वर्षांत तो वारला.

इतकं पाहून आपण पुढच्या चित्राकडे गेलो असतो. पण आमच्या बाईंनी विचारलं, ‘हे चित्र इथलं आहे का?’

ते इथलं नव्हतं. ते पिसा शहरातल्या सांता मारिया देल कार्मिने या चर्चचं. तिथे वेदीच्या मागे अनेक फळ्या जोडून उभा केलेला एक मोठा चित्रसंच होता. आपल्याकडे देवामागे मखर असतं तसा, पण सगळा रंगवलेला. मध्यभागी ही मरीया, दोन्ही बाजूंना संत, वर क्रूसावरचा ख्रिस्त, खाली छोट्या गोष्टींची पट्टी. पुढे कधीतरी तो चर्चमधून उतरवला गेला आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या हातांत गेले. आज त्यातल्या ११ फळ्या शिल्लक आहेत. एक लंडनला, एक नेपल्सला, एक पिसातच, एक थेट अमेरिकेत लॉस एंजेलिसला आणि बाकीच्या बर्लिनला. मरीयेच्या दोन्ही बाजूंचे चार मोठे संत हरवले ते हरवलेच.

मग हे सगळे एकाच संचातले, हे कशावरून? इथे वाझारी कामाला येतो. त्याने तो संच शाबूत असताना पाहिला होता आणि वर्णन लिहून ठेवलं होतं. ल्यूट वाजवणारे देवदूत, बाजूचे संत कोण कोण, खालच्या पट्टीच्या मध्यभागी तीन राजे. या वर्णनाशी एकेक फळी ताडून पाहत अभ्यासकांनी संच जुळवत नेला.

कागदही सापडले. १९ फेब्रुवारी १४२६ रोजी पिसातल्या ज्युलियानो दि कोलिनो नावाच्या दस्तऐवज करणाऱ्या नोटरीने हे काम मसाच्चोला दिलं. रक्कम ठरली ८० फ्लोरिन. फ्लोरिन म्हणजे सोन्याचं नाणं. पैसे हप्त्याहप्त्याने दिल्याच्या नोंदी आहेत, शेवटचा हप्ता त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. संतांमध्ये एक ज्युलियन आहे आणि एक निकोलस. ज्युलियानो हे गिऱ्हाइकाचं स्वतःचं नाव, आणि कोलिनो म्हणजे निकोलस, ते त्याच्या वडिलांचं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, तसाच हा प्रकार.

आता नेपल्सची फळी. तिच्यावर क्रूसावरचा ख्रिस्त आहे. संग्रहालयात ती डोळ्यांच्या पातळीवर टांगलेली पाहिली की एक गोष्ट खटकते. ख्रिस्ताला मानच नाही, डोकं खांद्यांतच रुतलेलं दिसतं. इतक्या तयारीच्या चित्रकाराला मान काढता येत नव्हती? पण ही फळी संचाच्या सगळ्यात वर होती. भाविक खाली उभा राहून मान वर करून बघणार. खालून पाहिलं तर छातीआड मान झाकलीच जाते. चित्रकाराने पाहणाऱ्याची जागा धरून चित्र काढलं होतं. आपण ती जागा काढून घेतली आणि दोष चित्राला दिला.

मित्रमैत्रिणींनो, माझ्या सगळ्या शिक्षणाचं सार या मानेत आहे. कलेचा इतिहास म्हणजे वस्तू मनातल्या मनात तिच्या मूळ जागी परत ठेवून पाहणं. तिथला उजेड कसा, पाहणारा कुठे उभा, पैसे कुणाचे, भीती कुणाची, श्रद्धा कुणाची. ते केल्यावर बऱ्याचदा जे चुकलेलं वाटत होतं ते बरोबर निघतं. आणि जे आपोआप थोर वाटत होतं, त्याच्याबद्दलही दोन प्रश्न पडतात.

२००१ साली नॅशनल गॅलरीने या संचाचे विखुरलेले तुकडे एकत्र आणून प्रदर्शन भरवलं. मी तेव्हा तिथेच शिकत होते, दोनदा पाहून आले. कित्येक वर्षांनी ती सगळी मंडळी एका भिंतीवर शेजारी शेजारी आली होती. एका अर्थी तेही स्नेहसंमेलनच, आणि जे येऊ शकत नव्हते त्यांच्या जागाही कळत होत्या.

आता गणिताच्या बाईंसाठी थोडं. कलेचा इतिहास म्हणजे भावनांचा विषय असा समज असतो. मायकेल बॅक्सन्डॉल या ब्रिटिश अभ्यासकाचं पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकलेवरचं १९७२ सालचं छोटं पुस्तक आम्हाला सुरुवातीलाच वाचायला लावलं. ते सुरू होतं पैशांपासून आणि करारांपासून. फ्लॉरेन्सच्या गिर्लांदायो या चित्रकाराच्या १४८५ सालच्या करारात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीचा असावा अशी अट आहे. कारण चांगला निळा लाजवर्द या दगडापासून होत असे आणि तो दगड येत असे अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. त्या रंगाच्या युरोपीय नावाचा अर्थच ‘समुद्रापलीकडचा’ असा आहे. गिऱ्हाइकाला भीती, की चित्रकार स्वस्तातला निळा लावून मोकळा होईल.

त्याच पुस्तकात पुढे व्यापाऱ्यांच्या शाळांमधलं गणित येतं. त्या काळी इटलीत मुलगा मोठा झाला की हिशेबाच्या शाळेत जाई आणि तिथे त्याला मुख्य म्हणजे दोन गोष्टी शिकवत. पिंपात किती माल मावतो ते नजरेने मापणं आणि त्रैराशिक. होय बाई, आपलं तेच त्रैराशिक. बॅक्सन्डॉलचं म्हणणं असं, की ज्या माणसाने आयुष्यभर पिंपं, गोण्या आणि गठ्ठे मापले, तो चित्रातला तंबू, खांब किंवा टोपी पाहतानाही मनात घनफळ मांडतो. चित्रकार हे ओळखून होता. पिएरो देल्ला फ्रांचेस्का या मोठ्या चित्रकाराने तर व्यापारी गणितावर स्वतः ग्रंथ लिहिला.

इथे मी तिसऱ्या प्रश्नाला हात घालते, ‘आपलं सोडून त्यांचं कशाला?’

मसाच्चोचा तो संच पिसाचा. याच पिसात त्याच्या दोनशे वर्षं आधी लिओनार्दो नावाचा गणिती होऊन गेला. आपण त्याला फिबोनाची म्हणून ओळखतो. त्याने १२०२ साली लिहिलेल्या ग्रंथाची सुरुवातच भारतीयांच्या नऊ अंकांपासून होते. हे अंक त्याला अरब व्यापाऱ्यांच्या जगात भेटले होते. त्रैराशिक तर आर्यभटाच्या ग्रंथात आहे. म्हणजे ज्या हिशेबावर त्या चित्रांचं पाहणं उभं राहिलं, त्याचा एक धागा आपल्याकडून गेला होता. निळा रंग अफगाणिस्तानातून. त्या काळातल्या कित्येक इटालियन चित्रांत मरीयेच्या प्रभामंडलावर किंवा वस्त्रांच्या काठावर अरबी अक्षरांसारखी नक्षी असते. जेंतिले दा फाब्रियानोच्या १४२३ सालच्या, तीन राजांच्या प्रसिद्ध चित्रात ती स्पष्ट दिसते. ‘पाश्चात्त्य’ हा शब्द आपण उच्चारतो तितका तो बंदिस्त नाही. आणि हे मला पाश्चात्त्य कलाच शिकताना कळलं.

उलटा प्रवासही सांगायला हवा. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झालं आणि ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करणं हा तिथल्या शिक्षणाचा पाया झाला. आपल्या ग्रेड परीक्षांमधलं वस्तुचित्र आणि मुक्तहस्तचित्र हे त्याच वळणाचं. म्हणजे आपल्यापैकी ज्यांनी एलिमेंटरी दिली, त्या सगळ्यांनी नकळत पाश्चात्त्य कलेची प्राथमिक शाळा केली आहे. जे. जे.चेच जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. त्या प्रती लंडनला गेल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा १८८५ च्या आगीत जळाल्या. प्रती करताना मूळ चित्रांना वार्निशही लावलं गेलं. युरोपात तैलचित्राला वार्निश लावतात, ते त्याला सोसतं. अजिंठ्याची चित्रं मातीच्या गिलाव्यावरची. त्यांच्यावर तोच थर पुढे पिवळा, तपकिरी पडला आणि पुढच्या पिढ्यांना तो काढत बसावं लागलं. हेतू चांगला होता, कष्टही प्रामाणिक होते. पण वस्तू तिच्या जागेवरून न समजता तिला हात लावला की काय होतं, त्याचं हे उदाहरण आपल्या घरातलंच आहे.

तेव्हा माझं उत्तर असं, की आपलं सोडून त्यांचं शिकायचं नाही. आपल्या भिंतींवर, आपल्या शाळेत, आपल्या नजरेत त्यांचं आधीच येऊन बसलं आहे. ते कुठून आलं हे कळलं, तर त्यातलं काय ठेवायचं ते आपल्याला ठरवता येतं.

त्यांच्या पुस्तकांतही सगळं आलबेल नाही, हेही सांगते. गॉम्ब्रिख हे व्हिएन्नाहून लंडनला आलेले थोर अभ्यासक. त्यांचं १९५० सालचं कलेच्या इतिहासाचं पुस्तक जगभर वाचलं जातं, आजही पहिलं पुस्तक म्हणून मी तेच सुचवते. पण त्यात इस्लामी आणि चिनी कला मिळून एक छोटं प्रकरण आहे, आणि पहिल्या आवृत्तीत एकही स्त्री कलावंत नाही. १९७१ साली लिंडा नॉक्लिन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एक लेख लिहिला, त्याचा प्रश्न असा की थोर स्त्री कलावंत का झाल्या नाहीत? त्यांनी झाकलेली नावं शोधून यादी दिली नाही. त्यांनी विचारलं, कलावंत तयार व्हायला काय काय लागतं आणि ते मुलींना मिळत होतं का? समोर नग्न मॉडेल बसवून शरीराचा अभ्यास केल्याशिवाय युरोपात मोठ्या चित्रांची कामं मिळत नसत, आणि त्या वर्गात मुलींना शतकानुशतकं प्रवेशच नव्हता. प्रतिभा असण्या-नसण्याआधी दार उघडं होतं का, हा प्रश्न. हा लेख वाचल्यावर मला आपल्या आयांच्या रांगोळ्या, गोधड्या आणि भिंतींवरची चित्रं आठवली. त्यांना दार कुठलं होतं?

आता दुसरा प्रश्न, उपयोगाचा. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो आता माझ्यापुरता राहिलेला नाही. आपल्याच तुकडीतल्या एका मित्राने मला विचारलं आहे. त्याची मुलगी सायन्स घेऊन बारावी झाली आणि तिला कलेचा इतिहास शिकायचा आहे. घरात अबोला आहे. ‘तू सांग, पाठवू का?’ एवढाच त्याचा प्रश्न. त्याचं नाव मी घेणार नाही, पण अशी घरं इथे आणखीही असतील, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देते.

आधी कडू भाग. या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत. त्या मिळायला वेळ लागतो. पाश्चात्त्य कला नीट शिकायची तर इंग्रजीखेरीज इटालियन, फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एखादी भाषा यावी लागते. परदेशी शिक्षण महाग आहे आणि शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज काढून जावं असा सल्ला मी कुणालाही देणार नाही. तिकडेही या विषयाला अधूनमधून ‘शौकिनांचा’ म्हणून हिणवतात. इंग्लंडमध्ये बारावीच्या पातळीवर हा विषय घेणाऱ्या एकमेव परीक्षा मंडळाने २०१६ साली तो बंद करायचं जाहीर केलं होतं. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा दुसऱ्या मंडळाने तो उचलला.

आता दुसरी बाजू. सुरुवात आपल्या देशात करता येते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत कलेचा इतिहास शिकवतात, दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण आहे. अस्सल युरोपीय चित्रं पाहायची तर मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली आहेत. अॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमसारखी संग्रहालयं आपली चित्रं मोठ्या आकारात फुकट पाहू देतात, मोबाइलवरसुद्धा. आणि सायन्सची बारावी अजिबात वाया जात नाही. शिशाचा पांढरा रंग क्ष-किरणांत उठून दिसतो, त्यावरून चित्राखालचं पुसलेलं चित्र सापडतं. अवरक्त किरणांत खालचं रेखाटन दिसतं. चित्रांचं जतन करणाऱ्याला रसायनशास्त्र लागतंच. लखनौला त्यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या संग्रहालयातही जतन केंद्र आहे. रसायनशास्त्र येतं आणि चित्रही वाचता येतं, अशी माणसं हवी आहेत.

म्हणून मित्रा, माझं म्हणणं एवढंच. तिला आधी एक काम दे. एकाच वस्तूसमोर, देऊळ असो, वीरगळ असो, आजीचा पितळी डबा असो, तासभर बसून दिसतं ते लिहून आणायला सांग. आठवडाभर रोज वेगळी वस्तू. आठव्या दिवशी तिला कंटाळा आला असेल तर हा विषय तिचा नाही, आणि ते तिलाच कळेल. आठव्या दिवशी तिने नववी वस्तू आधीच शोधून ठेवली असेल, तर तिला जाऊ दे. पोटापुरतं मिळेल. मला मिळालं. ‘चांगली नोकरी लागेल’ असं वचन मी देणार नाही. पण कुठल्याही वस्तूबद्दल, बातमीबद्दल किंवा माणसाबद्दल मत देण्याआधी ‘हे मूळ कुठलं, हे कुठून पाहायचं होतं’ असं विचारायची सवय तिला लागेल. आज ज्या वेगाने आपल्या मोबाइलवर चित्रं येतात आणि जातात, त्यात या सवयीचं मोल वाढतंच आहे.

शेवटी शाळेसाठी एक सूचना मांडते. आपल्या वेळी चित्रकलेला स्वतंत्र वर्ग होता, आठवड्याला दोन तास होते. आता एक उरला आहे, तोही परीक्षा जवळ आल्या की गणिताला जातो. बाईंनी रागावू नये. शिक्षकांचा यात दोष नाही, वेळापत्रकच तसं आहे. पण आपण माजी विद्यार्थी एक गोष्ट करू शकतो.

आपल्या जिल्ह्यात औंधला, यमाईच्या डोंगरावर, श्री भवानी संग्रहालय आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली ते उभं केलं. तिथे रविवर्मा आहे, पाश्चात्त्य पुतळ्यांच्या आणि चित्रांच्या प्रतिकृती आहेत आणि विसाव्या शतकातला मोठा इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचं ‘माता आणि बाळ’ हे शिल्पही आहे. जगातल्या मोठ्या संग्रहालयांत ज्याची शिल्पं असतात, तो आपल्या शाळेपासून एसटीच्या अंतरावर आहे. आपली सहल तिथे गेली होती. आपण अर्ध्या तासात सगळं पाहून बाहेर आलो आणि डबे उघडले.

माझी विनंती अशी, की स्नेहमेळाव्याच्या निधीतून दरवर्षी नववीच्या एका वर्गाला औंधला न्यावं. आणि सगळं दाखवू नये. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडावी, तिच्यासमोर अर्धा तास बसावं आणि दिसतं ते वहीत लिहावं. ‘सुंदर’ हा शब्द न वापरता. पहिल्या वर्षीच्या गाडीचा आणि जेवणाचा खर्च मी देते, मुलांबरोबरही येते. पुढच्या वर्षांची यादी समितीने आजच फिरवावी. आणि सर, तब्येत साथ देत असेल तर पहिल्या सहलीला तुम्ही यायचं आहे. तांब्याबद्दलचं ते वाक्य मुलांनी तुमच्याच तोंडून ऐकायला हवं.